टेबलाच्या अलीकडची खुर्ची

मी वकिलाच्या ऑफिसातली खुर्ची बोलतेय. वकिलाची नव्हे हं. ती टेबलाच्या पलीकडे असते, चाकांची, गोल फिरणारी. मी अलीकडची, पक्षकाराची. माझ्यावर सुखाने कुणी येऊन बसत नाही.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यातला. लोखंडी नळ्या वाकवून, वर फोम आणि हिरवं रेक्झिन चढवून आम्हा सहा बहिणींना एकाच दिवशी उभं केलं. बाकीच्या पाच कुठे गेल्या, ठाऊक नाही. मला ॲडव्होकेट अंबादास खंडारे यांनी टेम्पोत घालून बोरीवलीला आणलं. एका सोसायटीच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांचं ऑफिस.

खंडारेसाहेब बुलढाण्याकडचे. दिवसा गोदामात नोकरी आणि संध्याकाळी लॉ कॉलेज, असं करून वकील झालेले. नव्या पक्षकाराला एक वाक्य ते ऐकवायचेच, "हरणं-जिंकणं कोर्टाच्या हातात. तारीख माझ्या हातात. ती कधी चुकली नाही."

वर्षानुवर्षं माणसं बसली माझ्यावर. घाबरलेली माणसं कडेला टेकतात. भांडून आलेली माझे हात घट्ट धरतात. बायका बोलता बोलता रेक्झिनची शिवण उसवतात, आणि निघताना उगाचच ती नीट करून जातात.

नऊ वर्षांपूर्वी साहेबांची मुलगी संघमित्रा वकील होऊन ऑफिसात आली. दुसरं टेबल आलं, लॅपटॉप आला आणि बापलेकीची रोजची कुरबुरही आली.

"पप्पा, तारखा मोबाइलवर घ्या ना."

"मोबाइल तुझा, डायरी माझी."

तिच्या केसेस ती बघायची, जुन्या केसेस साहेब. बरं चाललं होतं.

मग एका दुपारी सोनूबाई आल्या. दहिसरच्या चाळीत राहणाऱ्या, पोळीभाजीचे डबे करून पोट भरणाऱ्या विधवा बाई. राहत्या खोलीवर दिराने दावा लावलेला. साहेब तीन वर्षं त्यांची केस लढत होते. बाई माझ्यावर बसल्याच नाहीत. उभ्यानेच कागद पुढे केला.

"साहेब, हे काय आलंय बघा. खोली खाली करा म्हणतात. आपली तारीख तर पुढच्या महिन्यात ना?"

साहेबांनी डायरी उघडली. तारीख पुढच्या महिन्यातलीच लिहिली होती, त्यांच्याच अक्षरात. संघमित्राने मोबाइलवर कोर्टाची नोंद पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. दोन तारखा होऊन गेल्या होत्या. बाईंच्या बाजूने कोर्टात कुणीच उभं राहिलं नव्हतं, म्हणून निकाल एकतर्फी लागला होता.

"कोर्टाने बदलली असेल तारीख," साहेब म्हणाले.

"नाही पप्पा. तुमच्यासमोरच दिलीय. कोर्टाच्या रोजनाम्यात तुमची हजेरी आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काळजी करू नका सोनूबाई. निकाल रद्द करायचा अर्ज टाकू. तेव्हा तुम्ही आजारी होतात, असं लिहू. सर्टिफिकेट मी मिळवतो."

"आजारी?" बाई बघतच राहिल्या. "साहेब, मी एक दिवस खाडा केला नाही. बावीस डबे जातात माझे. दीर समोरच्याच खोलीत राहतो, रोज बघतो. त्याने कोर्टात सांगितलं तर मला राहायला कुठे जागा आहे?"

"ताई, मला परवापर्यंत वेळ द्या," संघमित्रा म्हणाली. बाई गेल्या.

संघमित्रा साहेबांकडे वळली.

"आजारपण लिहायचं नाही," ती म्हणाली. "जे झालंय तेच लिहायचं. वकिलाची चूक होती, बाईंची नाही."

"म्हणजे माझ्या नावाने लिहिणार? चाळीस वर्षांची प्रॅक्टिस आहे माझी! त्यापेक्षा सरळ सांग ना, कोट उतरवा. तेच हवंय तुला."

"मला काहीच नकोय पप्पा." तिने दोन्ही तळहातांनी डोळे चोळले. "मला झोप हवीय. आठ महिने बघतेय मी. फायली उलट्या लागतात, एकच पत्र दोनदा जातं. मी गुपचूप निस्तरतेय. आता माझ्याच्याने होत नाही."

साहेब उठले. मला वाटलं, चालले बाहेर. पण ती म्हणाली, "इकडे या. इथे बसा. पक्षकार सांगतो तसं मला सांगा."

आणि ते माझ्यावर बसले. किती हलके झाले होते!

"कधीपासून?"

ते माझ्या हातावरची धूळ बोटाने पुसत राहिले. "दिवाळीपासून. दहिसरच्या चेक नाक्यावर उतरलो होतो. घरी कुठली बस जाते, आठवेना. कुणाला विचारायची लाज वाटली. तसाच उभा राहिलो, तासभर."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, घरी बसा."

"म्हणाले असते," ती म्हणाली.

मग तिने अर्जासोबतचं साहेबांचं प्रतिज्ञापत्र टाइप करायला घेतलं. सांगणारे साहेब, लिहिणारी ती. "'नजरचुकीने तारीख चुकीची नोंदवली गेली,'" तिने वाचून दाखवलं.

"थांब. नजरचुकीने नको. नजर शाबूत आहे माझी." साहेबांनी घसा साफ केला. "विस्मरणाने, असं लिही."

तिची बोटं थांबली.

"लिही, मित्रा. सही मी करणार आहे."

चार महिन्यांनी तो निकाल रद्द झाला. सोनूबाईंची केस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. खोली अजून त्यांच्याकडे आहे. ही बातमी ऐकून बाई माझ्यावर बसून मनमोकळं रडल्या. "जजसाहेबांनी वाचलं आणि मला विचारलं, हे वडील का तुमचे?" संघमित्रा त्यांना सांगत होती. "मी हो म्हटलं. पुढे काही विचारलं नाही त्यांनी."

नंतरचे दिवस मात्र जड गेले. साहेबांच्या एकेका पक्षकाराला बोलावून तिने खरं सांगितलं. काही थांबले. काहींनी फाइल मागून घेतली आणि माझ्यावरून उठून गेले. डॉक्टरांनी साहेबांच्या आजाराला नाव दिलं. ते नाव इथे कुणी उच्चारत नाही. दोघांचं काम ती एकटी ओढते. दुपारचा डबा कधी कधी तसाच परत जातो.

साहेब मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. चाकाच्या खुर्चीकडे न जाता थेट माझ्यावर बसतात. गेल्या आठवड्यात बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग अदबीने म्हणाले,

"मॅडम, माझी पुढची तारीख कधी?"

संघमित्राने मान वर केली. मग तिने डायरी ओढली, खरोखरच पानं उलटली.

"गुरुवारी. अकरा वाजता. तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी हजर असेन."

"बरं," ते म्हणाले, आणि निर्धास्त टेकून बसले.

मीही थकलेय आता. एक पाय लंगडा झालाय, फोमचा भुगा रोज फरशीवर सांडतो. नवीन खुर्च्या घ्या असं झेरॉक्सवाला तिला दोनदा सांगून गेला. घ्या, माझी ना नाही. पण मला एवढ्यात भंगारात देऊ नका. परवा शुक्रवार आहे. त्यांना बसायला लागेल.