माझ्या पोटावर 'समुद्र' लिहिलंय

मी कॅन बोलतोय. निळा, प्लॅस्टिकचा, वीस लिटरचा. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात 'समुद्र' असं लिहिलंय, एकदा इंग्रजीत, एकदा कन्नडात. वाचून फसू नका. सात वर्षं सगळे फसले, आणि त्यातले निम्मे तर जाणूनबुजून.

आनेकलच्या एका शेडमध्ये मी साच्यातून बाहेर पडलो. माझे भाऊ तेलाच्या दुकानांत गेले. मी आलो बेंगळुरूच्या एका कॉलेजच्या विभागात, जिथं समुद्राचं जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवतात. हो, बेंगळुरूतच. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर. कुणी ठरवलं ते मला विचारू नका, मोठ्या माणसांनी ठरवलं.

१९८८ साली मुलांची सहल कारवारला गेली तेव्हा मला लाटेत आडवं धरलं. आत समुद्र शिरला. सुईच्या टोकाएवढे जीव वळवळत होते, माशांची काचेसारखी पिल्लं होती. परतताना घाटातल्या प्रत्येक वळणाला तो माझ्या अंगावर आपटत होता. विभागात आणून मला सिंकखाली ढकललं. आठवड्याभरात आतलं सगळं मेलं. ते आपटणं मात्र माझ्या अंगातून गेलं नाही. अजूनही दार वाजलं की वाटतं, निघायचं.

कुठलं निघायचं! विभागप्रमुख वासुदेव सर पुण्याचे. समुद्रावर तासन् तास बोलतील, पण त्यांना बस लागते. पुढच्या वर्षापासून सहल बंद. "कॅन आहे ना!" म्हणाले.

आणि परसू अण्णा, विभागाचे जुने शिपाई. त्यांना सरांनी एकदाच बजावलं होतं, तपासणीची कमिटी आली की कॅन रिकामा दिसता कामा नये. परसू अण्णांनी आज्ञा पाळली. मुलांनी प्रॅक्टिकलला चार-पाच लिटर पाणी काढलं की ते नळाला रबरी नळी लावून मला गळ्यापर्यंत भरायचे. नळाला कावेरी नदीचं गोडं पाणी. दर वर्षी असंच. कुणीही त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनीही कुणाला नाही.

आता समजून घ्या. खऱ्या समुद्राच्या हजार भाग पाण्यात साधारण पस्तीस भाग क्षार. माझ्यातले क्षार दर वर्षी कमी होत गेले. मुलं बुरेटच्या काचनळीतून चांदीचं द्रावण थेंब थेंब सोडायची, पिवळं पाणी विटकरी झालं की थांबायची, आकडा बघायची आणि मग मागच्या वर्षीच्या मुलाच्या वहीतून 'पस्तीस' उतरवायची. सर लाल पेनानं सही करायचे. या मुलांना पुढं संशोधक म्हणायचे!

पंचाण्णव साली चंदना आली. मल्लेश्वरमची, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घरातली. तिनं समुद्र पाहिलाच नव्हता. पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या पोटावर तळहात ठेवला. सात वर्षांत मला असा हात कुणी लावला नव्हता. मला लाज वाटली.

आठवड्यानं तिनं माझ्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि ओरडली, "अण्णा, इकडे या स्वल्प! समुद्रात डासाची अळी कशी?"

परसू अण्णा वाकले. "असेल अक्का. डास काय, कुठं पण जातात."

चंदनानं करंगळी बुडवून जिभेला लावली. "आमच्या घरचं रसम याच्यापेक्षा खारट!"

मग तिनं प्रयोग केला. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा सात. वहीत तिनं सात लिहिलं. खाली कारणही लिहिलं: कॅनमध्ये नळाचं पाणी मिसळलं आहे.

सरांनी वही उघडली आणि चष्मा काढला. "चंदना, हे काय? तुझा एंड पॉइंट चुकलाय, रंग बदलायच्या आधीच थांबलीस."

"सर, तीनदा केलं मी. तुम्ही करून बघा की."

"मी? अगं, जगभरच्या पुस्तकांत थर्टी फाइव्ह आहे. पुस्तकं चूक आणि तू बरोबर?"

"पुस्तकं बरोबर सर. कॅन चूक."

मी! सगळं केलं यांनी, आणि चूक मी. पण ती खरं बोलत होती, म्हणून मला राग नाही आला.

सरांनी सही केली नाही. सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही, परीक्षेशिवाय कारवारला पुढचं शिक्षण नाही. तिला तेच हवं होतं, समुद्राशेजारची प्रयोगशाळा. सरांनी तिच्या वडिलांना बोलावलं. येसाजी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले, वही न उघडताच लेकीवर कडाडले, "पस्तीस लिही म्हणतात तर लिही की! समुद्र काय तुझ्या बापाचा आहे?"

"नाही ना बाबा. म्हणूनच लिहीत नाही."

वडील सरांकडे बघून कसंनुसं हसले. सर वडिलांकडे बघून हसले. मोठी माणसं एकमेकांना अशी लगेच सापडतात. परसू अण्णा दारात उभे होते. नळी कुणी लावली ते त्यांना माहीत होतं. ते मागच्या मागे निघून गेले.

चंदना कॉलेज सोडून गेली. परीक्षा झाली. बाकी सगळे पस्तीसवाले पास.

डिसेंबरात परसू अण्णांनी मला उचललं. वॉचमनला म्हणाले, "धुवायला नेतो." बाहेर रिक्षात चंदना बसली होती. आता ती मल्लेश्वरमच्या एका झेरॉक्सच्या दुकानात काम करत होती. परसू अण्णा तिला म्हणाले, "अक्का, त्या दिवशी माझं तोंड उघडलं नाही." ती म्हणाली, "सरी अण्णा, ठीक आहे, बसा आता." दोघांनी मला रात्रीच्या बसनं कारवारला नेलं.

वाळूवर तिनं मला उलटं केलं, आतली कावेरी ओतून दिली. मग गुडघाभर पाण्यात गेली. लाट आली, ती पडली, मला सोडलं नाही. उठली, ओठ चाटले, आणि हसत ओरडली, "अण्णा, हे खारट आहे हो!"

सोमवारी मी सरांच्या टेबलावर. ती म्हणाली, "सर, मला सही नको. या नव्या मुलांना तरी खरा समुद्र द्या." आणि निघून गेली.

नव्या मुलांनी प्रयोग केला. पाऊस संपून दोनच महिने झाले होते, किनाऱ्याच्या पाण्यात नद्यांचं पाणी होतं. आकडा आला तेहतीस. अगदी खरा तेहतीस. माझ्या आत समुद्र आपटत होता.

वासुदेव सर म्हणाले, "पस्तीस लिहा."

आणि लिहिलं सगळ्यांनी.

आता मी पुन्हा सिंकखाली आहे. परसू अण्णा निवृत्त झाले. माझ्यातला समुद्र अर्ध्यावर आलाय, आणि पुढच्या आठवड्यात कमिटी येणार आहे. नव्या शिपायानं रबरी नळी शोधायला घेतली आहे.

तुम्ही त्याच्याआधी आलात तर एवढंच करा. मला भरू नका. अर्धा आहे, अर्धाच दिसू द्या. पोटात करंगळी बुडवा, जिभेला लावा, आणि जे लागेल ते लिहा.

नळ सुटला वाटतं. लवकर या.