पहिला फोटो

"निघतोय का बघा, वहिनी," घड्याळवाल्याची बायको म्हणाली. "नाहीतर राहू दे."

राहू दे म्हणताना ती खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली. नवऱ्याला जाऊन आठवडा होत आला होता आणि भिंतीवर लावायला घरात त्याचा एक धड फोटो नव्हता. पासपोर्टसाठी आमच्या स्टुडिओत काढलेला तेवढा होता, तो सीडीवर. ती सीडी आमच्या जुन्या ड्राइव्हने गिळली होती.

ड्राइव्ह कट्‌कट्‌ करी, दम लागल्यासारखा थांबे, पुन्हा कट्‌कट्‌. वायर काढून दुसरीकडे लावली, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. ट्रे बाहेर येईना. शेवटी लेकीला फोन लावला.

"आई, ते म्हातारं अजून चालवतेयस? मी नवा पाठवलाय त्याचं काय लोणचं घातलंस?"

"सीडी अडकलीय गं आत."

"पुढच्या बारीक भोकात पिन घाल. बाबा घालायचे तशी."

ह्यांची पिन ड्राइव्हच्या पोटालाच चिकटपट्टीने लावलेली होती. पट्टी पिवळी पडली होती. पिन घातल्यावर ट्रे जरासा पुढे आला, उरलेला मी नखांनी ओढला.

तोवर ती भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडे बघत होती. "भाऊंचा हा कुठला?"

"कुणाच्या तरी ग्रुपमधून मोठा केलाय. म्हणून धूसर."

"जन्मभर लोकांचे काढले," ती म्हणाली.

नवा ड्राइव्ह रिकाम्या खोक्यासारखा हलका. सीडी गुपचूप फिरली आणि फोटो उघडले.

"याला आवाजच नाही की."

"जुन्याला होता," मी म्हटलं.

घड्याळवाल्याचे फोटो दोन. एक पासपोर्टवर लावलेला, शिक्षा सुनावल्यासारखा. दुसऱ्यात तो मनापासून हसत होता.

आमची पद्धतच तशी होती. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की हे जाऊन त्याची कॉलर सारखी करायचे, तेवढ्यात मी उजेड कसा येतोय ते बघायला एक फोटो काढून ठेवायची. कॉलर धरून हे काहीतरी बोलायचे आणि माणूस हसायचा. मग हे कॅमेऱ्यामागे येऊन "हं, आता हलू नका" म्हणायचे, की माणसाचा ओंडका. तो पहिला फोटो ह्यांनी कधी पुसू दिला नाही. "असू दे गं," म्हणायचे.

"हाच द्या," ती म्हणाली. "काय बोलले असतील हो भाऊ?"

"तुमचंच घड्याळ मागे पडलंय, असं काहीतरी. रोज छळायचे त्यांना."

ती हसली. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसली.

"तेवढा कॉलरवरचा हात काढता येईल ना? भिंतीवर बरा नाही दिसणार."

"येतो की. नेहमीच काढायचो."

फोटो छापून मी कटरखाली धरला. हात मनगटापर्यंत आला होता. दोन बोटांत कॉलरचं टोक, बाहीला वेगळ्याच रंगाचं बटण. मीच लावलेलं. कटरची मूठ मी सावकाश खाली आणली.

फोटो छातीशी धरून ती गेली, तेवढ्यात पुन्हा लेकीचा फोन.

"जमलं?"

"जमलं."

"मग आता तो जुना टाकून दे बघू."

"टाकते," मी म्हटलं.

फोटोच्या असल्या कापलेल्या पट्ट्या आम्ही टेबलाखालच्या टोपलीत टाकायचो. जुन्या ड्राइव्हचा ट्रे अजून उघडाच होता. मी पट्टी त्यात ठेवली आणि तो बोटाने हलकेच आत लोटला.