सोडलेल्या जागा

भिंतीवर अकरा चित्रं होती, सात मोठी आणि चार लहान. स्टेजवर एक पियानो आणि एक ड्रमसेट. समोर बत्तीस खुर्च्या. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर धम्मदीनाचे बाबा बसले होते, चांगदेव, महूच्या फौजी बँडमधून निवृत्त झालेले सॅक्सोफोनवाले.

इंदूरच्या तुकोगंजातल्या त्या छोट्या म्युझिक हॉलमध्ये रविवारी दुपारी धम्मदीनाचं पहिलं प्रदर्शन लागलं होतं. बाबा घरी जॅझ वाजवायचे, त्याच्या जुन्या कॅसेटींवरून तिनं ही चित्रं काढली होती. आई जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून बाबांनी सॅक्सोफोनची पेटी उघडली नव्हती. चित्रं पाहून तरी उघडतील, एवढीच तिची आशा होती.

प्रत्येक चित्रात निळ्या-तांबड्या रेघा धावता धावता थांबत, मध्ये कोरा कागद येई, आणि रेघा पुन्हा सुरू होत.

"काय जागा सोडल्या आहेत भिया!" हॉलचा मालक पुष्कर इंदुरी ढंगात म्हणाला. "काकाजी, पोरीनं तुमची चुप्पीसुद्धा पकडली."

बाबा उठून चित्राजवळ गेले. कोऱ्या पट्टीसमोर त्यांनी बोट धरलं, टेकवलं नाही.

"मी चुप होतो बेटा, पण ही जागा रिकामी नव्हती. इथं तुझी आई जवाब द्यायची. रसोईतून."

"जवाब?"

"मी सॅक्सोफोनवर सवाल टाकायचो, ती पोळ्या लाटता लाटता गुणगुणून परत करायची. कधी चिडवायची, 'फौजी, सूर ढिला पडतोय, पेन्शन अजून लांब आहे!' तिच्यासाठीच तर थांबायचो. नाहीतर मला कुठं थांबता येतं?" ते हसले. "कॅसेट लाव ना. तिला ऐकतो, मग घरी जाऊन पेटी उघडतो."

धम्मदीना फिजिक्सची एम.एस्सी. आधी सफाई, मग ऐकणं, ही तिची पद्धत. कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या तेव्हा ऐकायच्या आधीच तिनं सॉफ्टवेअर लावून मागची सगळी खुडबुड काढून टाकली होती. सॅक्सोफोन तेवढा ठेवला आणि साफ फाइल मूळ फाइलवरच सेव्ह केली. कॅसेटी शिस्तीत सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली आणि घेऊन गेली.

हे सगळं तिला बाबांना सांगावं लागलं. पुष्कर उगाच खुर्च्या सरळ करू लागला.

"साफ केलंस होय," बाबा म्हणाले. "सफाईत अव्वल इंदूरची पोरगी ना शेवटी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि रिक्षा बघायला एकटेच बाहेर गेले.

ती लॅपटॉप घेऊन जिन्यात बसली. हेडफोन लावले, आवाज शेवटपर्यंत वाढवला, आणि एकेक फाइल उघडून आलेखाची रेघ मोठी करून पाहत गेली. एकूण सत्तेचाळीस जागा निघाल्या. सगळ्यात लांब जागा सहा पूर्णांक चार सेकंदांची. सत्तेचाळीसही जागांत आवाज शून्य.