मागचं बोलणं पुढे चालू

वहिनीने कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत मदतनिसाशी झालेलं मागचं बोलणं पुढे चालू करायचा हुकूम दिला, चष्मा ओढणीने पुसून नाकावर चढवला आणि बघते तो पडद्यावर भलतंच.

"झालं. रोजच्याप्रमाणे वहिनींच्या कामातल्या चुका दुरुस्त केल्या. आज तीन होत्या. त्यांच्या लक्षात येणार नाही अशा बेताने केल्या आहेत."

या घरात वहिनी म्हणून हाक मारली जायची ती एकट्या तिलाच. मग प्रोग्राम लिहायला मदत करणारा हा यंत्रातला मदतनीस तिच्याशीच तिच्याबद्दल, तिसऱ्याच कुणाशी बोलल्यासारखा का बोलत होता? काल तर पेशंटनी रद्द केलेल्या वेळांचं तिचं काम चाललं होतं. ते अर्धवट राहिलं म्हणूनच आज मागचं उघडलं; एरवी ती रोज सकाळी कोऱ्या पाटीनेच सुरुवात करायची. यंत्राचं डोकं फिरलं की आपलं, तिला कळेना. तिने भीतभीत लिहिलं, "कुठल्या चुका?"

त्याने लगेच सांगायला सुरुवात केली. दातांच्या दवाखान्यात एकाच खुर्चीवर एकाच वेळी दोन पेशंट जात होते, ही पहिली. पुढचं न वाचता वहिनी वर वर सरकत गेली. हळूहळू उलगडलं. हे बोलणं तिचं नव्हतंच. धाकट्या नणंदेचं, चिमीचं होतं. दवाखान्यांना वेळा ठरवून देणारा प्रोग्राम दोघींनी मिळून केलेला, कॉम्प्युटर एक, फोल्डर एक. वहिनी सकाळी बसायची, चिमी संध्याकाळी. शेवटी जी बोलली, तिचंच बोलणं मदतनीस पुढे काढायचा. त्याला दोघी सारख्याच.

आणखी वर चिमीने लिहिलं होतं, "वहिनीला कळू द्यायचं नाही. आजारपणानंतर आत्ता कुठे ती हसायला लागलीय."

कामाला परत बसल्यापासून महिनाभर एकही तक्रार आली नाही, म्हणून ती नवऱ्यापुढे केवढी मिरवत होती. आपल्याला अजून जमतं, एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर ती सकाळी अंथरुणातून उठायची. तिला राग आला, लाज वाटली, आणि चिमीसाठी भरून आलं ते वेगळंच. यातलं नेमकं काय धरायचं, तेच समजेना.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कप वाजले. चिमी चहा घेऊन येत होती. आपण वाचलं हे तिला कळता कामा नये, एवढंच वहिनीला सुचलं. तिचा प्रश्न पडद्यावर तसाच बसला होता. तो पुसून टाकायला तिने बोलणं मागे न्यायला घेतलं. फक्त बोलणंच मागे न्यायचं की फायलीही, असं काहीतरी यंत्राने विचारलं. घाईघाईत तिने दोन्हीला हो म्हटलं आणि जरा जास्तच मागे गेली. प्रश्न गेला. तिने सुटकेचा श्वास सोडला.

चिमीने कप ठेवला आणि फोन वाजला. दवाखान्यातली रिसेप्शनवाली होती. दुखतंय म्हणून आत्ताच वेळ घेतलेले दोन पेशंट एकाच खुर्चीसाठी समोर उभे, दोघंही गाल धरून.

वहिनीच्या लक्षात आलं. बोलण्याबरोबर चिमीच्या दुरुस्त्याही मागे गेल्या होत्या. एवढ्याशा कामाला तपासायची वेगळी प्रत कशाला, असं म्हणत दोघी दवाखाने वापरत असलेल्या चालू प्रोग्रामवरच हात चालवायच्या. आणि हे म्हणणंही मूळ वहिनीचंच.

चिमीने फोन ठेवला. तिने वहिनीकडे बघायचं टाळलं.

"माझंच काहीतरी चुकलं काल," ती म्हणाली. "तू चहा घे. मी बघते."

किती सहज म्हणाली. चिमीने कीबोर्डकडे हात नेला, पण वहिनी खुर्चीवरून हलली नाही. मदतनिसाला काही न विचारता तिने स्वतःची फाइल उघडली. वेळ लागला. दोनदा भलत्याच ओळीवर जाऊन ती परत आली. चिमी मागे ओठ दाबून उभी होती. तिला चूक कुठे आहे ते ठाऊक होतं, हे वहिनीला पाठीवरही जाणवत होतं. शेवटी सापडलं. वेळ देण्याआधी खुर्ची रिकामी आहे का, हे तिने तपासलेलंच नव्हतं. तिने ती ओळ घातली, दवाखान्यात फोन करून खात्री करून घेतली. चहा पार गार झाला होता.

"ही झाली एक," वहिनी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "बाकीच्या दोन दाखव."

चिमीचा चेहरा उतरला. ती पडद्याकडे बघे, मग वहिनीकडे. हिला कधी कळलं, किती कळलं, याचा तिला काही अंदाज लागेना. मग तिने दुसरी खुर्ची ओढली आणि वहिनीला खेटून बसली.

"दोन कालच्या," ती हळूच म्हणाली. "त्याच्या आधीच्याही आहेत गं. महिन्याभराच्या."

वहिनीने कप उचलला, गार चहा एका दमात संपवला आणि तिला जागा व्हावी म्हणून जरा सरकली.

"मग पहिलीपासून दाखव."