शेवटच्या डब्यापर्यंत

गुंडोरावांच्या उजव्या बरगड्यांतून निघालेली रबरी नळी खाटेखालच्या काचेच्या बाटलीत, पाण्याखाली जाऊन संपत होती. ही व्यवस्था त्यांना पसंत होती. न्यूमोनियानंतर छातीत पू साचला आणि फुप्फुसाला बारीक भोकही पडलं, हे पसंत नव्हतं. पण बिघाड झालाच आहे तर दुरुस्ती तरी शास्त्रशुद्ध आहे, एवढं त्यांनी मान्य केलं होतं.

"आतली हवा आणि पू बाहेर येईल, बाहेरची हवा आत जाणार नाही. मधे पाणी आहे ना!" डॉक्टर राममूर्तींनी पहिल्या दिवशी समजावलं. डॉक्टरांचं वय सव्वीस होतं.

"पाण्याचं कुलूप," गुंडोराव म्हणाले. "बरं आहे. जोड आवळून बांधलेत ना?"

मद्रासला गुंडोरावांनी एकतीस वर्षं रेल्वेगाड्यांचे व्हॅक्यूम ब्रेक तपासले होते. त्यामुळे नळी, हवा आणि गळती या विषयांत ते कुणाचंही ऐकून घेत नसत. श्वासाबरोबर बाटलीतल्या नळीत पाणी वर चढे, खाली उतरे, खोकलं की बुडबुडे येत. दिवसभर ते एवढंच बघत. वॉर्डातली सिस्टर अलमेलू तर येता-जाता त्यांनाच तमिळ अदबीने विचारी, "अय्या, पाणी कसं आहे?"

"चढउतार ठीक. बुडबुडे कालच्यापेक्षा कमी."

ती तसंच लिहून घेई.

त्यांच्या पत्नीला, कनकाला, मात्र बाटली नापसंत होती. तंजावरच्या सोवळ्यातली बाई. रोज दुपारी मोगऱ्याचा गजरा माळून पेरांबूरहून बसने डबा घेऊन यायची आणि नाक मुरडायची.

"माणूस वर रसम-भात जेवतोय आणि खाली पू गळतोय. ही काय रीत झाली?"

"मग जेवताना श्वासही बंद ठेवू का?"

"ऐयो! तसं कशाला बोलता?" असं म्हणून तिने विषय सोडला.

इथेच गुंडोरावांना संशय यायला हवा होता. तीस वर्षांच्या संसारात कनकाने एकही विषय सोडलेला नव्हता. पण गुंडोराव पूर्वेकडे तोंड करून जेवत, बाटली पश्चिमेला होती, आणि कनका त्या बाजूला स्टूल घेऊन बसे. तेव्हापासून त्यांना जेवण जड जाऊ लागलं. छाती भरल्यासारखी व्हायची. त्यांनी रसमातल्या हिंगावर ठपका ठेवला. कनकाने मुकाट्याने हिंग कमी केला.

शुक्रवारी निम्म्या जेवणात त्यांचा मेहुणा एकोजी धापा टाकत आला.

"अक्का, मुलाकडचे रविवारी दहाला येतायत! तुमच्या विद्युल्लतेचा साखरपुडा तेव्हाच करू म्हणतात. रविवार चुकला तर पुढे आडी महिना लागतो, मग महिनाभर शुभकार्य नाही. आणि त्यांना दुसरीही मुलगी सांगून आलीय."

कनकाने हात धुतले, अर्धा डबा बंद केला आणि भावाबरोबर निघून गेली.

पाऊण तासाने गुंडोरावांनी कूस बदलून बाटलीकडे पाहिलं. पाणी स्थिर होतं. चढ नाही, उतार नाही, बुडबुडा नाही.

सिस्टरने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाणी थांबलं म्हणजे फुप्फुस पुरतं फुगलं! उद्या सकाळी एक्स-रे, मग नळी काढू. रविवारी तुम्ही घरी!" आणि ते पलीकडच्या वॉर्डात गेले.

रविवारी घरी. गुंडोरावांना आनंद झाला. इतका झाला, की एका श्वासात अख्खं वाक्य बोलता येईना. आनंदाने होत असेल, असं त्यांनी ठरवून पाहिलं.

पण ब्रेकच्या दाबमापकाचा थांबलेला काटा दोन प्रकारचा असतो: सगळं ठीक असलं तरी थांबतो, मधेच काही तुंबलं तरी थांबतो. एकदा एका गाडीत काटा जागच्या जागी, इंजिन खूश, गार्ड खूश. आणि मागच्या सहा डब्यांना ब्रेकच नाही, कारण दोन डब्यांमधल्या रबरी होजमध्ये पुसायची चिंधी अडकलेली. तेव्हापासून गुंडोराव शेवटच्या डब्यापर्यंत चालत गेल्याशिवाय, तिथली झडप उघडून इंजिनातला काटा पडतो की नाही ते कळल्याशिवाय, सही करत नसत.

आता गप्प राहिलं तर रविवार हातात होता. बोललं तर लेकीचा साखरपुडा आडीत बुडत होता. यावर त्यांनी दहा श्वास विचार केला. अकरावा श्वास नीट येईना.

ते जोर करून खोकले. पाणी तसूभर हललं नाही.

"सिस्टर. काटा... खोटा आहे. नळी तुंबलीय."

अलमेलूने त्यांच्या निळसर ओठांकडे आणि मानेच्या फुगलेल्या शिरांकडे पाहिलं आणि ती धावली. डॉक्टर आले, उजव्या छातीवर बोट वाजवलं. ढोल वाजल्यासारखा आवाज.

"हवा कोंडलीय! मोठी सुई आणा!"

"आधी... शेवटच्या... डब्यापासून... बघा," गुंडोराव म्हणाले. डॉक्टरांना वाटलं, वात झाला. पण गुंडोरावांचं बोट बाटलीकडे होतं. अलमेलू खाली बसली आणि बाटलीपासून वर नळी चाचपत गेली. खाटेच्या लोखंडी पट्टीमागे, चादरीच्या आड, नळी दुमडून बांधलेली होती. फुलं ओवतात त्या केळीच्या सोपटाच्या धाग्याने. धाग्यात मोगऱ्याची एक कळी अजून होती.

कात्री चालली. बाटलीत भाताच्या हंडीसारखी खळखळ उठली. डॉक्टरांची सुई हातातच राहिली आणि पाच मिनिटांनी गुंडोराव अख्खं वाक्य बोलले, "आता चढउतार बघून घ्या."

"हे कुणी बांधलं?" डॉक्टर ओरडले. "मला लिहावं लागेल!"

अलमेलूने कळीकडे पाहिलं, मग गुंडोरावांकडे. एकतीस वर्षांत गुंडोरावांच्या एकाही अहवालातून दोषीचं नाव सुटलं नव्हतं. होजमधल्या चिंधीच्या अहवालात तर त्यांनी फिटर एकोजीचंच नाव लिहिलं होतं, आणि त्यापायी मेहुणा दोन वर्षं त्यांच्याकडे जेवला नव्हता.

"कारण समजलं नाही," ते म्हणाले.

अलमेलूने कळी ॲप्रनच्या खिशात टाकली.

संध्याकाळी कनका आली तेव्हा त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. ती स्टूलावर बसली.

"मी जेवण होईतोच बांधत होते हो. रोज सोडत होते. आज तो एकोजी..."

"एकोजीचं नाव एकदा लिहून झालंय. आता पुरे."

"आणि रविवार?"

"अजून दहा दिवस नळी आहे. त्यांना इथेच बोलाव."

"या बाटलीसमोर?"

"बाटली कुठे जाणार आहे?"

रविवारी दहाला नारळ-विड्यांची ताटं वॉर्डात आली. वरपिता राघोत्तमराव टपालखात्यातले, खाली वाकून म्हणाले, "हे काय आहे?" गुंडोरावांनी पाऊण तास सांगितलं. शेवटी राघोत्तमराव सगळ्याच गोष्टींना होकार देऊ लागले, आणि त्यात साखरपुडाही उरकला.

मग कनकाने डबा उघडला. रसमात हिंग पूर्वीइतका होता. ती नळीपासून तीन हात लांब बसली. नळीकडे तिने पाहिलंदेखील नाही.

गुंडोराव ताट उचलून वळले, आणि पश्चिमेकडे, बाटलीकडे तोंड करून जेवले.