टिचकी

आमच्या घरचा सीडी प्लेअर रोज सकाळी एकाच जागी अडकायचा. तिसरं भजन, दुसरं कडवं. तिथं आली की गाणारी बाई एकच अक्षर घोळत बसायची, आणि प्लेअरच्या उजव्या कोपऱ्यावर टिचकी मारल्याशिवाय पुढं जायची नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, प्लेअरशेजारीच पेपर वाचत बसलेले असत. पण टिचकी ते आपणहून मारत नसत. सासूबाई स्वयंपाकघरातून, तव्यासमोरूनच ओरडत, "अहो, टिचकी मारा." बाबा म्हणत, "हाव, मारतो." मग टिचकी पडे आणि बाई उडी मारून तिसऱ्या कडव्यावर जाई. मधल्या ओळी काय होत्या ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

सासूबाईंचं नाव कोकिळा. नाव ठेवणाऱ्यानं आवाज ऐकायच्या आधीच ठेवलेलं असणार. त्या घोगऱ्या आवाजात मी लग्न झाल्यापासून सूचना ऐकत आले. आच कमी कर, कणीक सैल झाली, मिठाचा डबा उजवीकडे ठेव. मी शाळेत साठ पोरांना गप्प बसवते, पण त्या स्वयंपाकघरात मीच विद्यार्थिनी होते. मी नवऱ्याला आल्हाद म्हणून हाक मारते, हे तर त्यांना शेवटपर्यंत खटकलं. "भाजीवाल्याले हाक मारल्यावानी नवऱ्याले हाक मारते," असं त्या शेजारच्या पुष्पांजलीकाकूंना माझ्यादेखत सांगत. मी तरीही त्याला कधी अहो म्हटलं नाही. हट्टच धरला होता म्हणा.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. मला वाईट वाटलं. आणि थोडं मोकळंही वाटलं, ते कशाला लपवू? पहिल्याच आठवड्यात मी मिठाचा डबा डावीकडे ठेवला.

तेरावं झाल्यावर बाबांनी पुन्हा भजनाची सीडी लावली. मी पोळ्या करत होते. भजन अडकलं. आता आपल्यालाच जावं लागणार म्हणून मी हात पुसायला घेतले, तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज आला, "हाव, मारतो." टिचकी पडली, भजन पुढं गेलं.

सवय आहे, जाईल हळूहळू, असं मी स्वतःला समजावलं. पण ती गेली नाही. बाबा रोज उत्तर द्यायचे, आणि लगेच द्यायचे नाहीत. आधी थांबायचे. बाई घोळत राहायची, बाबा बोट उचलून बसलेले असायचे, आणि मग कुणीतरी सांगितल्यासारखं म्हणायचे, "हाव, मारतो." एकदा म्हणाले, "ऐकू आलं, बहिरा नाही मी." एकदा तर तिथूनच मला सांगितलं की पोळी करपून राह्यली म्हणते, पाहा. मी पाहिलं, तर खरंच करपत होती.

मग मला त्या ओट्यापाशी एकटीनं उभं राहायची भीती वाटायला लागली. पाठीशी कुणीतरी आहे असं वाटायचं. वळून पाहिलं तर पिठाची कोठी, तिच्यावर परात. आणि मिठाचा डबा. तो मी डावीकडे ठेवायचे आणि सकाळी उजवीकडे असायचा.

आल्हादला सांगितलं तर तो हसला. तो सुलतानपूरच्या बँकेत आहे, पहिल्या गाडीनं निघतो. रविवारी उन्हं अंगावर आल्याशिवाय उठत नाही. त्यानं सकाळचं भजन कित्येक वर्षांत ऐकलेलं नव्हतं. पण मी हट्टाला पेटले होते. हा प्लेअर बदल, म्हटलं. प्लेअर अडकणार नाही तर कुणी हाक मारणार नाही, आणि हाक नाही तर उत्तरही नाही. माझं गणित सरळ होतं. सासूबाईंना मला माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं होतं.

आल्हादनं बाजारातल्या दुकानात प्लेअर दाखवून आणला. आतली लेन्स म्हातारी झाली, आता मिळत नाही, चालते तोवर चालवा नाही तर नवा घ्या, असं दुकानदार म्हणाला. रात्री जेवताना आल्हादनं बाबांपुढं विषय काढला. बाबांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "हिले विचारतो."

आल्हादच्या हातातला घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून टाकलं की आज नीट ऐकायचं, कुठून काय येतं ते. भजन अडकलं. मी गॅस बंद केला, ओठ घट्ट मिटले आणि श्वाससुद्धा रोखून उभी राहिले. बाई घोळत राहिली. कुणी काही बोललं नाही. शेवटी बाबांनी प्लेअर बंदच केला आणि स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"विचारलं," ते म्हणाले. "काहीच बोलली नाही. तुमीच ठरवा."

आम्ही ठरवलं. नवा प्लेअर आला, काळा, चपटा, लहानसा. जुना मी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. नव्यात भजन कसं सुरेख चाललं. दुसरं कडवं आलं आणि कित्येक वर्षांत घरानं न ऐकलेल्या त्या ओळी आल्या आणि गेल्यासुद्धा. त्या ऐकायला मी मुद्दाम बाहेर आले होते. बाबा बोट उचलून बसले होते. भजन संपलं, पुढचं लागलं, बोट तसंच होतं.

चार-सहा दिवस त्यांनी सीडी लावली, मग सोडून दिली. पेपर घडी न मोडता पडून राहायला लागला. जेवण अर्ध्यावर आलं. मला हवी होती ती शांतता मिळाली होती आणि ती मला खायला उठत होती. पोळी करपली तर आता कुणी सांगत नव्हतं. शनिवारी आल्हाद म्हणाला, बाबांकडे बघवत नाही, उद्या जुना काढू. मी नको म्हणाले नाही.

रविवारी तो लवकर उठला. जुना प्लेअर जागेवर बसवला आणि चहाचा कप घेऊन माझ्याजवळ स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी पोळी लाटत होते. तिसरं भजन लागलं. दुसऱ्या कडव्यावर बाई अडकली. बाबा थांबले. आणि मग त्यांचा आवाज आला, कित्येक दिवसांनी जिवंत झालेला, "हाव, मारतो."

"बघ," मी आल्हादला म्हटलं. "पटलं आता? कुणी बोललं तरी का?"

आल्हाद माझ्याकडे बघत होता.

"प्रतिमा, तू बोललीस."

"मी?"

"अहो, टिचकी मारा, म्हणालीस. आईच्या आवाजात."

मला रागच आला. मी नवऱ्याला अहो म्हणत नाही, सासऱ्यांना म्हणेन का? पण त्याला थट्टा सुचत नव्हती, तो पांढरा पडला होता. माझा घसा खवखवत होता, जोरात ओरडल्यावर खवखवतो तसा. तो रोजच खवखवायचा. खडूची पूड आहे, असं मी समजत होते. मी ओट्याकडे पाहिलं. पिठाच्या हातांनी मीच नुकताच मिठाचा डबा सरकवला असणार, त्यावर पिठाची बोटं उमटली होती. डबा उजवीकडे होता.

मी तशीच बाहेर गेले. बाबा पेपर उघडत होते. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का?

"हाव," ते म्हणाले. "तोंड तुहं राह्यते, आवाज तिचा राह्यते. पह्यल्या दिवसापासून माहीत आहे मले."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तर तू तोंड बंद केलं असतं, पोरी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आल्हाद म्हणाला, जुना उद्याच भंगारात देऊ, आपण डॉक्टरांकडे जाऊ. त्याचं चुकत नव्हतं. माझं तोंड माझं होतं. ते माझ्या नकळत दुसरं कुणी वापरत होतं, या विचारानं मला ब्रह्मांड आठवलं. पण सकाळचं ते "हाव, मारतो" काही केल्या कानातून जाईना.

सकाळी आल्हाद पहिल्या गाडीनं गेला. जुना प्लेअर तिथंच होता. बाबांनी माझ्याकडे न बघता सीडी लावली. मी तवा ठेवला आणि पदराचं टोक दातांत घट्ट धरलं. तिसरं भजन लागलं. बाई अडकली, तेच अक्षर, तेच अक्षर. बाहेर बाबा बोट उचलून बसले होते. आत वळून त्यांनी पाहिलं नाही, काही मागितलंही नाही. माझ्या घशात काहीतरी वर येत होतं आणि ते माझं नव्हतं. लेन्स म्हातारी आहे, किती दिवस चालेल कुणास ठाऊक.

मी पदर दातांतून सोडला.