पटेऱ्याचा कोपरा

नगरा वस्तीतल्या तलावाच्या सौंदर्यीकरणासाठी समिती नेमली गेली आणि अध्यक्षपद गोपाळरावांकडे आलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना अध्यक्ष होण्याजोगं काहीच सापडलं नव्हतं. त्यांची पुतणी प्रमोदिनी कॉलेजात तलावांवरच संशोधन करायची, म्हणून तिला ‘तज्ज्ञ सदस्य’ केलं आणि पहिल्या बैठकीत चहाचं बघायला सांगितलं.

पाण्यावर पसरलेली जलकुंभी काढली, इथवर दोघांचं जमलं.

“आता काठ मातीचेच ठेवू, काका. उथळ पाण्यात पटेरा लावू, आपलं पाणकणीस. नाल्याची घाण त्याच्या मुळांत अडते.”

“आत्ता तर गवत काढलं ना? परत गवतच लावायचं? लोग क्या कहेंगे?”

काठाला सिमेंटची भिंत झाली, वर गुलाबी टाइल्स लागल्या, टाइल्सवर फायबरचे बगळे उभे राहिले, पाण्यात मधोमध कारंजं बसलं. प्रमोदिनीने भांडून एक कोपरा तेवढा मागून घेतला. तो फोटोत येत नाही असं ठेकेदाराने सांगितल्यावर गोपाळरावांनी तत्काळ मंजुरी दिली.

तिने विद्यार्थ्यांना घेऊन तिथे पटेरा लावला. पावसाळा सरेपर्यंत त्या कोपऱ्यात पाणी निवळून तळ दिसायला लागला, चतुर भिरभिरू लागले, पाणकोंबडीने घरटं केलं. बाकीच्या तलावात नाले टाइल्सखालच्या पाइपातून थेट येत होते. पाणी हिरवं झालं, मेलेले मासे काठाला लागले. समितीने गंभीर चर्चा करून कारंज्यात गुलाबजल टाकायचं ठरवलं.

लोकार्पणाला लखनौहून मोठे साहेब येणार होते. त्यांच्या कार्यालयातून निरोप आला, पक्षी दिसले पाहिजेत. फायबरचे चालणार नव्हते. मग बिजौलीच्या एका पोल्ट्रीवाल्याकडून बदकं आणली.

फीत कापल्यावर बदकं गुलाबी घाटावरून पाण्यात सोडली. त्यांनी त्या हिरव्या पाण्यात एकदा चोच घातली, मान झटकली आणि सगळी ओळीने पलीकडे पटेऱ्यात निघून गेली. फोटोवाले त्यांच्यामागे धावले. फोटोवाल्यांमागे साहेब गेले.

पटेऱ्यातून पाणकोंबडी आपली काळी पिल्लं घेऊन बाहेर आली होती. साहेब हरखले.

“असली काम तो यहाँ हुआ है! किसने किया?”

प्रमोदिनीने तोंड उघडलं.

“समिति ने, सर,” गोपाळराव म्हणाले. “शुरू से हमारा यही विचार था.”

“तो पूरे तालाब में यही कीजिए.”

ज्या ठेकेदाराने टाइल्स बसवल्या होत्या, तोच पुढच्या आठवड्यात त्या उखडायला आला. गोपाळरावांच्या दूरदृष्टीबद्दल त्यांचा सत्कार ठरला. प्रमोदिनी गेली नाही. टाइल्स निघालेल्या काठावर गुडघाभर चिखलात उभी राहून ती रोपं लावत होती. मनात राग होता, पण हात थांबत नव्हते.

संध्याकाळी गोपाळराव सत्काराची शाल पांघरूनच तिथे आले. बराच वेळ काठावर घुटमळले.

“पमे, मी तुझं नाव घ्यायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली.

गोपाळरावांनी शाल काढून काठावर ठेवली. मग चपला काढून, धोतर खोचून चिखलात उतरले. तिने त्यांच्या हातात रोपांची जुडी दिली.

“सरळ रांगेत नको हं, काका.”

“मग कसं?”

“जमेल तसं, कुठेही.”

गोपाळरावांच्या चेहऱ्यावर काळजी पसरली. त्यांनी चार रोपं खोचली, दोन पावलं मागे सरकले आणि एक डोळा मिटून रांग सरळ आली का ते पाहिलं.